खिट्टी नसलेला डबा

१

कपाटाचं कुलूप जागेवर होतं, काच धड होती आणि डबाही जिथल्या तिथं होता. म्हणून आधी कुणाला काही कळलंच नाही. पाहुणे यायच्या आत एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून रणजीतने डब्याचं छप्पर अलगद उचललं आणि आत वाकून बघितलं. मग छप्पर हातात तसंच धरून तो गाळ्यातल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"खिट्ट्या कुठं गेल्या?" म्हणाला.

डबा वीतभर, आगगाडीचा. तिकडं मराठवाड्यात पूर्वी लहान रुळांवरून एक छोटी गाडी धावायची. तिच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याची ही हुबेहूब प्रतिकृती. छप्पर उचललं की आत लाकडी बाकडी, वर सामानाची फळी, आणि दारांना आतून पितळेच्या खिट्ट्या, तिळाएवढ्या. चारही दारांच्या खिट्ट्या गेलेल्या. बाकी काडीचाही धक्का लागलेला नव्हता.

रणजीतचा गाळा चाकणला. पोटापाण्याचा धंदा म्हणजे मोटारींच्या प्लास्टिकच्या क्लिपा. पण त्याला लहानपणापासून आगगाड्यांचं वेड, म्हणून गाळ्याच्या एका कोपऱ्यात त्याने हे डबे करायला घेतले होते. हौशी माणसं जगभर असले डबे जमवतात, आणि ती हौशी माणसं म्हणजे एक नंबरची चिकित्सक. खिडकीला गज चार होते का पाच, एवढ्यावरून भांडणारी. त्यांच्यातलेच काहीजण दुपारी येणार होते. पहिला नग त्यांनी पास केला की मगच पुढचे डबे बनणार. नापास केला की कोपरा बंद, कारण त्यानंतर हा नाद करणार नाही अशी शपथ रणजीतला घरात घालून ठेवलेली होती.

कपाटाची एक किल्ली सायलीकडे असायची. ही जवळच्या रावेत गावची पोरगी. जुने नकाशे, जुने फोटो धुंडाळून डब्याचं सगळं चित्र काँप्युटरवर तिनेच काढलेलं. दोन वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. रणजीतने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज चढला. छप्पर काढता घालता तुझ्याच हातून तुटल्या असणार, म्हणाला, आणि भीतीने लपवून ठेवल्यास. पाहुणे यायच्या आत खरं काय ते सांग, नाहीतर संध्याकाळी हिशोब घे आणि उद्यापासून येऊ नकोस.

सायली दातांनी ओठ दाबून उभी राहिली.

कोपऱ्यात खुर्चीवर लक्ष्मणराव बसले होते. ते सावकाश उठले, खिशातलं भिंग काढलं आणि म्हणाले, "डबा हिकडं आण. आन् कुणी शिव्या देऊ नका तवर."

२

लक्ष्मणराव जवळच्याच गावचे. रान गेलं, रानावर कंपन्या आल्या, आणि त्यातल्याच एका कंपनीत लक्ष्मणरावांनी सगळा जन्म माल तपासण्यात घालवला. रिटायर झाले, पण घरी बसवेना, म्हणून रणजीतच्या गाळ्यात येऊन बसायचे. चुकीचा नग त्यांनी कधी पास केला नाही, ही त्यांची ख्याती. भावाच्या पोराने बनवलेला पार्ट त्यांनी भर लाईनवर नापास केला होता. ते पोरगं लग्नाला सुद्धा बोलवायला आलं नाही. लक्ष्मणराव म्हणायचे, नको बोलवू, पण भोक वाकडं होतं ते होतंच.

त्यांनी डबा उजेडात धरला. भिंगातून एक दार बघितलं, मग दुसरं, मग चारही. मग पहिलं पुन्हा. रणजीत शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता.

"हे तुटलेलं न्हाई," लक्ष्मणराव म्हणाले. "काढलेलं हाय."

खिट्टी दारात जिथं रोवली होती तिथं बारीक भोक राहायला पाहिजे. तिथं भोक नव्हतं. कुणीतरी ते बुजवलं होतं, वरून कानस मारून सपाट केलं होतं आणि त्यावर दाराचाच रंग असा लावला होता की साध्या डोळ्याला जोड दिसू नये.

म्हणजे वैर काढायला आलेल्या माणसाचं हे काम नव्हे. वैरी खिट्टी उपटतो आणि पळतो. तो भोक बुजवत बसत नाही.

रणजीतचा लगेच तर्क धावला. दिग्विजय, म्हणाला. दिग्विजय त्याचा मावसभाऊ आणि धंद्यातला भागीदार, विक्रीचं तो बघायचा. त्या खिट्ट्यांवरून सायलीचं आणि त्याचं महिनाभर वाजत होतं. छप्पर लावल्यावर खिट्टी दिसणार कुणाला, हे त्याचं म्हणणं. एकेक खिट्टी चिमट्याने बसवायची म्हणजे एका डब्याला अर्धा तास जातो, असं तो सगळ्यांसमोर बोललेला.

लक्ष्मणरावांनी दिग्विजयला बोलावून समोर बसवलं. तो काही लपवायला गेला नाही. म्हणाला, "काका, मला त्या खिट्ट्यांचा राग आहे, खोटं कशाला बोलू. पण मी काढल्या असत्या तर तुम्हाला आत्ता डबा दिसला नसता, डब्याचे तुकडे दिसले असते. माझा हात माहितीये ना तुम्हाला."

हात माहीत होता. हा गडी पेन्सिलीला टोक करताना बोट कापून घ्यायचा. लक्ष्मणरावांना हसू आलं आणि त्यांनी त्याला सोडून दिलं.

मग ते उठून गाळ्यात फिरायला लागले. कचऱ्याचा डबा बघितला नाही, कुणाची पिशवी उघडली नाही. ते सरळ लाल पेटीपाशी गेले.

आता गाळ्यात काम न केलेल्यांना सांगायला पाहिजे. कंपनीत काहीही नापास झालं किंवा नगावरून काढलं, तर ते कचऱ्यात जात नाही. ते लाल पेटीत टाकायचं आणि वर चिठ्ठी लावायची. हे इतकं अंगात मुरतं की ह्या पट्ट्यातली जुनी माणसं घरात कप फुटला तरी तुकडे आधी वेगळे काढून ठेवतात.

लाल पेटीत तळाशी, क्लिपांच्या ढिगाखाली, कागदाची एक बारकी पुडी होती. लक्ष्मणरावांनी ती उघडली. चारही खिट्ट्या आत होत्या. पुडीला नापासाची चिठ्ठी लावलेली होती, पण चिठ्ठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी पुडी मिटली आणि कुणाला न दाखवता खिशात टाकली. कुणाचं काम असेल हे त्यांच्या मनात आलं होतं, आणि ते खरं ठरू नये असं त्यांना वाटत होतं.

३

सायली मागच्या दाराबाहेर ट्रकांच्या रांगेकडे तोंड करून उभी होती. लक्ष्मणराव तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. नोकरीचं नंतर बघू, म्हणाले, आधी मला एवढं सांग की ह्या डब्याला खिट्टी होती हे तुला कळलं कुठून.

त्यावर पोरीला बोलायला तोंड फुटलं. नकाशात होती, म्हणाली. फोटोतही होती. तरी खात्री करायला ती एका जुन्या शेडमध्ये सडत पडलेला खरा डबा बघून आली होती. त्याच्या दाराला आतून खिट्टीची खूण होती. दार बाहेर उघडणारं, म्हणून खिट्टी आतून. लावली की दाराच्या फळीला चिकटून सपाट बसायची, उघडी असली की आत पुढं आलेली. नकाशात ती उघडी दाखवलीय म्हणून तिने मॉडेलातही उघडीच ठेवली.

"कुणी न्हाई म्हणलं का तुला? खिट्टी नव्हती असं?"

"आजी म्हणाल्या."

आजी म्हणजे कौशल्याबाई, ज्योतीरामची आई. ज्योतीराम गाळ्यातला जोडारी, म्हणजे फिटर. डब्याचं बारीक काम आणि रंग त्याच्याकडे. ही मायलेकरं तिकडचीच, त्याच छोट्या गाडीच्या गावची. सायली म्हातारीला भेटायला दोनदा त्यांच्या खोलीवर जाऊन आली होती. म्हातारीने बाकड्यांची रुंदी हाताने दाखवली, कोळशाची कणी डोळ्यात गेली की पदराचा बोळा करून कसं फुंकायचं ते करून दाखवलं, फळीवर कोंबड्या ठेवल्या की खालच्यांचं काय व्हायचं ते सांगून सायलीला हसवून लोळवलं. तिचं सगळं सांगणं नकाशाशी बरोबर जुळलं. एकच गोष्ट सोडून.

"दाराचं विचारलं तर म्हणाल्या, दाराला खिट्टी नव्हती. आणि मग गप्पच झाल्या. मला वाटलं, वयामुळे विसरल्या असतील."

"ज्योतीराम व्हता तिथं?"

होता. आणि दुसऱ्या दिवशी तो सायलीला म्हणाला होता, ताई, माय म्हणते तर खिट्टी काढून टाका की. सायली म्हणाली, नाही काका, जे होतं ते दाखवायचं. त्यावर तो आपल्या टेबलाकडे निघून गेला.

मग सायलीनेच एक ठरवलं होतं. आज पहिला डबा पाहुण्यांच्या आधी कौशल्याबाईंना दाखवायचा. त्या गाडीत खरं बसलेलं माणूस म्हणून शाल द्यायची. ज्योतीरामने आठवडाभर टाळलं. मायला ताप आहे, मायला रिक्षा सोसत नाही. शेवटी काल सायलीने परस्पर फोन केला, तर म्हातारी ठणठणीत. साडीला इस्त्री करून ठेवलीय म्हणाली. हे सायलीने काल संध्याकाळी ज्योतीरामला हसत हसत सांगितलं.

"मग त्यो काय म्हणला?"

"काही नाही. रंगाचं थोडं काम राहिलंय, तुम्ही जावा म्हणाला. मीच किल्ली दिली त्याला."

लक्ष्मणराव म्हणाले, हे रणजीतला सांगितलं असतंस तर तुझ्यावरचं बालंट तिथंच गेलं असतं.

"खात्री नाही काका. आणि खात्री नसताना कसं सांगू," सायली म्हणाली.

समोरून एक रिक्षा ट्रकांच्या मधून वाट काढत येत होती. तीत जांभळ्या साडीतली एक म्हातारी बसली होती.

४

ज्योतीराम आपल्या टेबलापाशी उभा होता. लक्ष्मणरावांनी खिशातली पुडी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. मग ज्योतीरामने ती पुडी उघडून चारही नग आहेत का ते बघितलं. त्याही वेळेला.

"बर राहू दिली असतीस तर मला कळलं नसतं," लक्ष्मणराव म्हणाले. बर म्हणजे धातू कापला की कडेला जी धार राहते ती. "तुझ्या हातानं ते व्हत न्हाई. आन् कचऱ्यात टाकल्या असत्यास, तरी कळलं नसतं. काय केलंस हे, भावा?"

ज्योतीराम साठीला आलेला माणूस. त्याने कानस उचलली, खाली ठेवली, आणि हलक्या आवाजात बोलायला लागला.

त्याची एक धाकटी बहीण होती, बकुळा. तो सहा वर्षांचा, ती दोनची. जत्रेहून परत येताना माय दाराला पाठ टेकून बसलेली, बकुळा तिच्या मांडीवर, दोघी झोपलेल्या. वळणावर दार उघडलं. माय बाकड्याला धरून वाचली. बकुळा गेली.

माय वेड्यासारखी एकच विचारत होती, खिट्टी लावली नव्हती का, मी लावली नव्हती का. तेव्हा बाप म्हणाला, ह्या दाराला खिट्टीच नव्हती. रेल्वेची चूक. तुझी नाही. पंचनाम्यातही तेच सांगितलं. तिला पुढं जगवायला म्हणून बोलला तो, असं ज्योतीराम म्हणाला. कारण खिट्टी होती. धडधाकट होती. सहा वर्षांच्या ज्योतीरामने ती उघडी बघितली होती, आणि बापाने त्याचा हात इतका दाबला होता की तो आजवर बोलला नव्हता. मरताना बाप म्हणाला, मायला कळू देऊ नको.

"पन्नास वर्षं झाली तिला, खिट्टी नव्हती म्हणून जगायलीय," ज्योतीराम म्हणाला. "आणि आज मीच तिला माझ्या हातानं खिट्टी दाखवू? खरं खोटं मला काही कळत नाही राव. तेवढी माय घरी जाईस्तोवर थांबा. मग मीच बसवतो."

लक्ष्मणरावांनी टेबलाचा कोपरा धरला. सायलीचं नाव साफ करायचं तर ह्याचं नाव घ्यावं लागणार. ह्याचं नाव घेतलं तर का केलंस हे म्हातारीसमोर निघणार.

ते रणजीतकडे गेले. म्हणाले, खिट्ट्या मीच काढायला लावल्या. एक मला तिरकी वाटली, पुन्हा बसवायला म्हणून दिल्या आणि सांगायचं विसरलो. म्हातारपण. पाहुणे यायच्या आत बसवून देतो. पोरीची माफी माग.

रणजीत त्यांच्याकडे बघत राहिला. विसरणारा हा माणूस नव्हे हे त्याला माहीत होतं. पण तो गेला आणि त्याने सायलीची माफी मागितली, सगळ्यांसमोर, जसा ओरडला होता तशीच.

लक्ष्मणरावांच्या जन्मात पहिल्यांदा एक चुकीचा नग त्यांनी डोळ्यांदेखत पुढं जाऊ दिला. आणि तेवढ्यात कौशल्याबाई दारातून आत आल्या.

५

शाल झाली, नारळ झाला. म्हातारीने सायलीच्या गालावरून हात फिरवला, रणजीतला म्हणाली की चहा पाजतोस का नुसत्या नारळावर भागवतोस. सगळे हसले. ज्योतीराम हसला नाही. तो आईच्या मागं, खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

डबा तिच्या पुढ्यात ठेवला. सायलीने छप्पर काढलं. लक्ष्मणरावांनी आपलं भिंग म्हातारीच्या हातात दिलं.

तिने आधी बाकडी बघितली. मग फळी. मग खिडक्या, एकेक. कुणाच्या तरी घरातली खोली बघावी तशी बघत होती. मग तिचं भिंग डावीकडच्या दाराशी आलं आणि तिथंच थांबलं.

मग ती मान न वळवता म्हणाली, "ज्योत्या, खिट्टी कुठंय रे?"



"माय, नव्हती ना," ज्योतीराम म्हणाला. "तूच म्हणतीस की. बाबा म्हणायचे."

"व्हती." म्हातारीने भिंग खाली ठेवलं. "मी पाठ लावून बसले व्हते दाराला. पाठीत टोचायली व्हती खिट्टी. मी सरकून बसले, बकीला जवळ घेतलं आणि झोपले. लावलेली खिट्टी टोचत नसती, बाबा. हे मला मागनं कळलं."

लावली की सपाट, उघडी असली की पुढं आलेली. थोड्या वेळापूर्वीच लक्ष्मणरावांनी हे सायलीच्या तोंडून ऐकलं होतं.

"मग इतकी वर्षं..." ज्योतीराम म्हणाला.

"तुझा बाप शेवटी चढला," म्हातारी म्हणाली. "पाणी घेऊन. दोन्ही हातांत भांडी. दार पायानं ओढून घेतलं त्यानं. त्यो म्हणला, खिट्टी नव्हती, तेवा मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. माणूस मरायला निघालं व्हतं रे. मी म्हणलं, नव्हतीच. त्याच्यासाठी म्हणत राहिले. त्यो गेला, मग तुला सवय झालेली दिसली, म्हणून तुझ्यासाठी म्हणत राहिले."

ज्योतीराम खुर्चीच्या मागून पुढं आला आणि हळूहळू खाली बसला. म्हाताऱ्या आईच्या पायापाशी, साठीचा माणूस, कपाळ तिच्या गुडघ्याला लावून. तिने त्याच्या केसांवर हात ठेवला. रंगाचा एक ठिपका लागला होता, तो ती नखाने खरवडत राहिली.

रणजीत तोंड फिरवून उभा होता. त्याला आता सगळं कळलं होतं, आणि त्यातलं काही विचारावं असं त्याला वाटलं नाही.

मग म्हातारी म्हणाली, "बसव की. असंल तर इथंच बसव. माझ्या म्होरं."

ज्योतीराम उठला. लक्ष्मणरावांनी त्याच्या टेबलावरची पुडी आणून दिली. त्याने बुजवलेली भोकं सुईने मोकळी केली, चिमट्याने एकेक खिट्टी बसवली. नकाशात होत्या तशाच, पुढं आलेल्या, उघड्या. सवयीने त्याचा हात स्थिर होता, बाकी सगळा माणूस हलत होता.

म्हातारीने भिंग उचललं. बघितलं. मग काळजीने, जशी आई घरातून निघताना सांगते तशी, म्हणाली, "लाव की रे."

त्याने आधी सायलीकडे बघितलं. सायलीने मान हलवली. नकाशाप्रमाणे उघडीच हवी होती, पण तिने हो म्हटलं. मग ज्योतीरामने चिमट्याच्या टोकाने पितळेची ती तिळाएवढी पट्टी हलकेच वाकवली. ती दाराच्या फळीला चिकटून सपाट बसली. एक, दोन, तीन, चार.

बाहेर पाहुण्यांच्या गाड्या येऊन थांबल्या. त्यांच्यातल्या एकाने भिंग लावून डबा बराच वेळ बघितला आणि म्हणाला, छान आहे, पण नकाशात खिट्टी उघडी आहे हो. सायली काही बोलायच्या आत लक्ष्मणराव पुढं झाले.

"गाडी चालायला लागली की खिट्टी लावायची असती, साहेब," ते म्हणाले. "हे बरोबर हाय."

पाहुण्याने थोडा विचार केला आणि मान डोलावली. लक्ष्मणरावांनी पहिल्या नगाची चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'पास' असं लिहिलं आणि खाली सही केली. सही थोडी वाकडी आली.

पहिला नग जसा पास होतो, पुढचे सगळे तसेच बनतात. गाळ्याचा नियम आहे. म्हणून आता चाकणहून जो जो डबा बाहेर जातो, त्याचं छप्पर काढून आत बघा. चारही दारं नीट लावलेली असतात.